नऊ दिवसांचं वजन

भाद्रपद सरत आला की पिंपरीच्या मंडईबाहेर काळी माती विकायला येते. लहान लहान पिशव्या, वर रबरबँड. शेजारी मातीचे घट, वेताच्या परड्या, नागवेलीची पानं आणि झेंडूचे ढीग. बायका घट उचलून बोटाच्या पेरानं वाजवून बघतात, कुठं चीर तर नाही ना. मीही वाजवते. आवाज चांगला खणखणीत येतो, मी घट पिशवीत ठेवते, आणि दापोडीच्या बसमध्ये जागा मिळेपर्यंत तो दोनदा काढून पुन्हा वाजवून बघते.

परवा घटस्थापना आहे. दिलीपची तपासणी नेमकी पाचव्या माळेला आली आहे. तारीख दवाखान्यानं दिली, मी काही मागून घेतली नव्हती. दिलीप माझा नवरा. तोंडानं मी त्याला 'अहो'च म्हणते, लिहिताना तेवढी धिटाई करते.

चार वर्षं झाली त्या नवरात्राला. शाळेतल्या बाकीच्या बाईंना नवरात्र म्हटलं की नऊ रंगांच्या साड्या आठवतात. मला आठवतो ऑक्टोबरचा चिकट उकाडा, सहामाहीच्या पेपरांचे न तपासलेले गठ्ठे, काळ्या मातीतून वर आलेले पोपटी कोंब आणि एक वजनकाटा. त्या दिवसांत झेंडूचा जो उग्र वास घरात भरून राहिला होता, तो अजून कुठं आला की माझी बोटं आपोआप पदराचं टोक पिळायला लागतात. वर्गातली पोरं हसतात. हसू देत.

दिलीप चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. गाड्यांचे पत्र्याचे भाग ज्या पोलादी साच्यांतून छापून निघतात, ते साचे दुरुस्त करायचं त्याचं काम. केसाच्या जाडीचा फरक राहिला तरी त्याला झोप लागायची नाही. एकदा दिवाळीच्या तोंडावर त्यानं अख्खी लाइन थांबवून ठेवली होती. साहेब ओरडत होता आणि हा शांतपणे सांगत होता, "माप चुकलंय, मी पास करणार नाही." ही गोष्ट तो घरी इतक्यांदा सांगायचा, की मी भाकरी थापता थापता साहेबाचे संवाद म्हणायचे आणि तो स्वतःचे.

त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली आणि भरेना. तुकडा तपासायला गेला, आणि जे यायला नको तेच आलं. मला रडू आलं नाही, राग आला. कॅन्सरचा नाही, त्याचा. तंबाखू न खाण्याची शपथ शाळेत दरवर्षी माझ्या आवाजात होते. सातशे पोरं हात पुढं करून माझ्यामागून म्हणतात, आणि त्याच वेळी माझा नवरा शिफ्टच्या बसमध्ये बसून हातावर चुना मळत असतो. तीस वर्षं मी त्याच्या पँटच्या खिशातून ती पुडी काढून फेकली. धुवायच्या आधी खिसे उलटे करून बघायची सवय मला त्यातूनच लागलेली.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. ते म्हणाले, "ऑपरेशन दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. मधे सतरा दिवस आहेत. हे वाट बघायचे दिवस समजू नका, हे तयारीचे आहेत. जिभेचा खराब भाग मी काढीन, हाताची कातडी घेऊन तिथं लावीन. ती तिथं धरेल की नाही, ते तुमचं अंग ठरवणार. छाती मोकळी हवी, पायांत ताकद हवी, आणि वजन अजिबात उतरायला नको. दुबळ्या अंगावर मी हत्यार चालवत नाही."

मग त्यांनी आम्हाला प्रज्ञाकडं पाठवलं. ही लातूरकडची मुलगी, दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची, खाण्यापिण्याचंही बघायची. केसांची वेणी, पायांत स्पोर्टशूज, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपण तिच्या घरी पाहुणे आलोय. तिनं दिलीपच्या हातात प्लास्टिकचं एक खेळणं दिलं. शेजारी शेजारी तीन नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत चेंडू. पाइपला तोंड लावून श्वास आत ओढायचा, चेंडू वर उचलले जायला हवेत, वरच तरंगत राहायला हवेत. पहिल्या दिवशी एकच चेंडू कसाबसा हलला.

"हुईल काका," प्रज्ञा म्हणाली. "दहा वेळा ओढायचं, दिवसातून तीन टायमाला. सकाळी अर्धा तास चालायचं. आन् हे सगळ्यात महत्त्वाचं, दोन अंडी सकाळी, दोन रात्री. दाढा काढल्यात, जखम हाय, दुसरं काही धड जाणार न्हाई. उकडलेलं अंडं कुस्करून खायचं. मऊ जातंय, झोंबत न्हाई."

जबडा आणि राहिलेले दात नीट करायला त्याच आठवड्यात त्याच्या दोन दाढा काढल्या होत्या. तो मान हलवत होता. मी वहीत लिहून घेत होते. चार अंडी, असं लिहिलं आणि मनातल्या मनात दिवस मोजले. पाचव्या दिवशी आमच्या घरात घट बसणार होते.

दिलीपनं घरी आल्या आल्या कार्डबोर्ड घेतलं आणि सतरा दिवसांचा तक्ता आखला, मशिनला लटकवतात तसा. आडव्या रेघा चेंडूंच्या, उभ्या दिवसांच्या. फ्रिजला लोहचुंबकानं लावला. तोंड किती उघडतं, तेसुद्धा व्हर्नियरनं मोजायचं त्यानं ठरवलं. व्हर्नियर म्हणजे त्याचं माप घ्यायचं स्टीलचं अवजार. आरशासमोर उभा राहून तो ते दातांत धरायचा.

"कंपनीत याला प्रिव्हेंटिव्ह म्हणतात, बाई," तो मला म्हणाला. माझी मास्तरकी काढायची असली की तो मला बाई म्हणतो. "मशिन बिघडायच्या आधी देखभाल. बंद पडल्यावर धावणारा गडी काय कामाचा?"

"तीस वर्षं कुठं गेली होती तुमची देखभाल?" मी म्हणाले.

तो तक्त्यावरची रेघ पुन्हा पुन्हा गिरवत राहिला. मला तेव्हाच जीभ चावावीशी वाटली. पण बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही, हा माझा जुना दोष आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडच्या गल्लीत, पहिला मजला. देवघर स्वयंपाकघरातच, ओट्याला लागून. घट तिथंच बसतो. परडीत काळी माती, तिच्यात गहू पेरायचे, वर पाण्यानं भरलेला घट, पानं, नारळ, आणि शेजारी नऊ दिवस न विझणारा दिवा. तीस वर्षं मी हे केलंय आणि नऊ दिवस उपास धरलेत. या दिवसांत आमच्याकडं कांदा-लसूणही चिरत नाहीत. अंडं तर नावानंसुद्धा नाही. आणि त्या वर्षी तर नाहीच नाही, असं मला वाटलं. इतकी वर्षं काही मागायचं नव्हतं तेव्हा सगळं सोवळं पाळलं, आणि मागायची वेळ आल्यावर देवीच्या नाकासमोर अंडी उकडू? त्या मुलीला काय कळतंय, प्रोटीन म्हणजे प्रोटीन, असं मी स्वतःला सांगितलं. पनीर आणलं. शेंगदाण्याचं कूट, दूध, खजूर आणले. वहीतल्या चार अंड्यांवर बारीक रेघ मारली.

दिलीपला विचारलं, "चालेल ना?"

"माझं काय, माझं चालतंय," तो म्हणाला.

शेजारच्या सलमाभाभींच्या मात्र लक्षात आलं. त्यांच्या नवऱ्याचं कासारवाडीला गॅरेज आहे. वीस वर्षं आमचं दाराला दार. पहिल्याच माळेला त्या दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरात नको ना, ठीक आहे. मी माझ्याकडं उकडून ठेवते. दिलीपभाई येऊन खाऊन जातील. कुणाला कळणार पण नाही."

एवढा साधा रस्ता होता. आणि मी म्हणाले, "नको भाभी, पनीर सुरू केलंय." कुणाला कळणार नाही, हेच तर मला खटकलं होतं. जिला कळू नये त्या देवीलाच कळेल, अशी भीती.

ते दिवस कसे गेले हे मला आता सलग सांगता येत नाही. तुकडे आठवतात. सकाळी पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आत चेंडूंचा आवाज, खट खट खट. तिसऱ्या माळेला तीनही चेंडू वर गेले आणि दिलीपनं गल्लीत ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. दुपारी शाळेतून आले की मी आधी परडीत बघायची. कोंब आलेत का, किती आलेत, दाट आलेत का. कोंब चांगले आले की वर्ष चांगलं जातं, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी दिवसातून तीन-तीनदा पाणी शिंपडत होते. मग पेपर घेऊन बसायचे. चौथीच्या मुलांनी 'माझा आवडता सण' लिहिला होता आणि मला एका ओळीच्या पुढं जाता येत नव्हतं.

संध्याकाळी तो मला हाताच्या खुणा शिकवायचा. प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा छापतात तिथं, इतका आवाज असतो, की तिथं माणसं हातानंच बोलतात. मूठ वळली की थांब. पंजा खाली दाबला की हळू. अंगठा आणि बोटाचं गोल केलं की जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, बरोबर. दोन मनगटं एकमेकांवर आडवी ठेवली की जॉब रिजेक्ट. ऑपरेशननंतर काही दिवस त्याला बोलता येणार नव्हतं, आणि पुढं बोलणं येईल ते आताच्यासारखं नसेल, हे प्रज्ञानं आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. ती असंही म्हणाली होती, "जे बोलायचं राहिलंय ते या दिवसांत बोलून घ्या. हे पण तयारीतच धरायचं काका." तो हसला होता. पाणी कसं मागायचं आणि दुखतंय कसं सांगायचं, एवढं त्यानं मला शिकवलं. बाकीचं आम्ही दोघंही बोललो नाही. मी घटासमोर डोळे मिटून बसायचे आणि तो दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडं बघत उभा असायचा. मला ते मिटल्या डोळ्यांनीही कळायचं.

धुवायच्या हातरुमालांना त्या आठवड्यात आंबूस वास येत होता. एकदा घडी उलगडली तर आत पनीरचा चुरा. मी तो झटकला, रुमाल भिजत घातला, आणि काही विचारलं नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

पाचवी माळ. सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. तो आदल्या दिवशी म्हणाला होता की ढगळ पँट घालतो, गरम होतंय. बसमधून उतरताना तो पाय जरा जपून टाकत होता. मला वाटलं, थकवा असेल.

त्यानं चपला काढल्या, काट्यावर चढला. लाल आकडे नाचले आणि थांबले. सत्तावन्न पूर्णांक चार. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले. बघा, म्हटलं, चाललं ना पनीर.

प्रज्ञा लिहायला लागली आणि थांबली. तिनं मागचं पान उलटलं.

"काका, पहिल्या दिवशी पण सत्तावन्न पॉइंट चारच होतं."

"मग?" दिलीप म्हणाला. "उतरू द्यायचं नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते ना."

"व्हय, पण माणसाचं वजन सकाळ-संध्याकाळ हलतंय. एक तांब्या पाणी पिलं तरी हलतंय. इतक्या दिवसांनी पॉइंटला पॉइंट जुळत न्हाई कुणाचं." ती त्याच्या पँटकडं बघत होती. "काका, खिशात काय हाय?"

दिलीप काट्यावर तसाच उभा. मग त्यानं उजव्या खिशात हात घातला आणि हातरुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. डाव्या खिशातून दुसरी. प्रज्ञानं गाठ सोडली. आत पोलादाच्या गोल पिना, साच्यात बसवतात तसल्या, वाजू नयेत म्हणून एकेक कागदात गुंडाळलेल्या.

काट्यावरचा आकडा खाली आला. पंचावन्न पूर्णांक सहा.

ज्या माणसानं जन्मात चुकीचं माप पास केलं नाही, त्यानं स्वतःचंच खोटं माप पास करून घ्यायचं ठरवलं होतं. आणि तेही कसं, तर वाण्याच्या पोत्यांच्या काट्यावर आधी स्वतःला आणि मग पिना तोलून, जेवढं वजन उतरलं तेवढंच भरून काढून. दुसरा कुणी असता तर अंदाजानं खिसे भरले असते आणि निभावून गेला असता. याला अंदाजानं खोटं बोलताही आलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पंचावन्न किलोचा माणूस मी टेबलावर घेईन. पण उतरत चाललेला घेणार नाही. नवमीला परत या. वजन छप्पन्नच्या वर, चढताना दिसलं पाहिजे. नाहीतर नाकातून नळी घालून पोटात अन्न घालायचं आणि पुढची तारीख शोधायची. ती दिवाळीच्या पुढं जाईल." मग म्हणाले, "गाठ काही आपल्या तारखेसाठी थांबत नाही."

बाहेर बाकावर आम्ही बसलो. माझ्या मांडीवर त्या दोन पुरचुंड्या. जड होत्या.

"पनीर चावत नाही गं," तो म्हणाला. "कडेला टोचतं. कुटानं तर आग होते."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तू घटासमोर बसतेस तेव्हा तेवढा वेळ तुझा चेहरा नीट असतो. एरवी नसतो. तो कशाला मोडू, म्हटलं."

तो पुढं म्हणाला, "आणि मी जरा डबल मारत होतो. चेंडू तीनदा सांगितलेत, मी सहादा करतो. तू शिकवणी घ्यायला गेलीस की संध्याकाळी पण चालायचो, पिंपळे सौदागरपर्यंत जाऊन परत. म्हटलं, तयारी जास्त झाली तर वाईट काय? टार्गेटच्या वर गेलं की चांगलंच ना."

"ओव्हरटाइम करत होतात?" माझा आवाज चढला. दोन माणसं वळून बघायला लागली. "पोटात काही नाही आणि ओव्हरटाइम? अंग म्हणजे काय कंपनी आहे तुमची?"

त्यानं दोन मनगटं एकमेकांवर आडवी ठेवली. जॉब रिजेक्ट. आणि मग त्याचे डोळे भरून आले. तीस वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदा बघत होते.

मला तेव्हा कळलं, की मलाही माहीत होतं. रुमाल मीच धुतले होते. त्यानं खिशात पिना भरल्या आणि मी डोळ्यांवर घट धरला, दोघांचं खोटं एकाच मापाचं. मी तसं म्हणाले त्याला. "मला माहीत होतं," एवढंच. त्यानं माझ्या मांडीवरच्या पुरचुंड्या घेतल्या आणि स्वतःच्या पिशवीत टाकल्या.

घरी आल्यावर मी आधी भाभींचं दार वाजवलं. "चार अंडी आहेत का?"

"उकडून देऊ?"

"नको. माझ्याच घरात उकडते."

दूध तापवायचं स्टीलचं पातेलं ओट्यावर ठेवलं. गॅस पेटवला. हाताच्या अंतरावर घट, पाच माळा, जळता दिवा. पाणी उकळायला लागलं, अंडी आतल्या आत पातेल्याला आपटायला लागली. देवीला काय म्हणाले मी? क्षमा मागितली नाही. नवसही बोलले नाही. "बघ," एवढंच म्हणाले. इतकी वर्षं घरात येऊन बसतेस, तुला दिसत असेल तर बघ.

अंडी कुस्करून, वर तूप-मीठ घालून मी ताट त्याच्यासमोर ठेवलं. तो हात लावेना.

"तूपण खा. दवाखान्यात उभं कुणाला राहायचंय? चार दिवस झाले, भगरीवर आहेस."

तीस वर्षांत पहिल्यांदा ललिता पंचमीला मी अंडं खाल्लं. मला ते फार चवदार लागलं, आणि लागलं याची लाज वाटली. तो मात्र सगळं खाऊन, ताट पुसून घेऊन, ढेकर देऊन झोपला. मी दिव्यात तेल घालत जागी राहिले. दिवा विझला नाही.

पण सहाव्या माळेला कोंब एका बाजूनं पिवळे दिसायला लागले. मी परडी भिंतीकडं वळवून ठेवली, तो भाग त्याला दिसू नये म्हणून. त्याला दिसायचं ते दिसलंच. मापावर आयुष्य काढलेल्या माणसापासून काय लपवणार? त्यानं मातीत बोट खुपसलं आणि माझ्यासमोर धरलं. चिखल होता.

"पाणी जास्त झालंय. किती वेळा घालतेस?"

मी सांगितलं.

"ओव्हरटाइम," तो म्हणाला.

त्या नवरात्रात त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले, आणि हसता हसता रडले. तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि दुसऱ्या हाताचा पंजा खाली दाबत राहिला. हळू, हळू.

त्यानंतरचे तीन दिवस त्यानं सांगितलं तेवढंच केलं. दहाला दहा, तीनला तीन. माझ्या मते त्याला ते व्यायामापेक्षा अवघड गेलं. संध्याकाळी पाय चाळवायचे, तेव्हा तो खिडकीत बसून लोकल मोजायचा. मी अंडी उकडत होते. सकाळी, रात्री. मध्ये एकदा भाभींनी बकऱ्याच्या पायाचं सूप आणलं, वाटी पदराखाली झाकून, आणि मी ती पदर बाजूला करून घेतली.

नवमीला सकाळी काट्याजवळ गेलो. त्यानं चपला काढल्या, घड्याळ काढलं, पट्टा काढला. मग दोन्ही खिशांचं अस्तर बाहेर ओढलं. दोन्ही बाजूंना ती पांढरी टोकं लोंबत होती, आणि तो शाळेत तपासणीला उभ्या केलेल्या पोरासारखा हात वर करून काट्यावर चढला. मी डोळे मिटले. मग प्रज्ञाचा आवाज ऐकला, "उतरा काका. परत चढा." त्यानंतर काही ऐकू येईना. डोळे उघडले तेव्हा ती आकडा लिहीत होती. छप्पन्न पूर्णांक एक.

"चढायलंय," ती म्हणाली, आणि तिनंच पाठ फिरवून डोळे पुसले.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा दिवस. चाकणला त्या दिवशी मशिनं धुऊन पुसून हार घालतात, पेढे वाटतात. टूलरूममधून फोन आला, "भाऊ, तुमच्या मशिनला मोठा हार घातलाय, टेन्शन घेऊ नका." तो फक्त "व्हय रे, व्हय रे," करत राहिला. संध्याकाळी त्यानं पाटावर स्वतःची अवजारं मांडली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानस, लहान हातोडी. त्यांच्याशेजारी तीन चेंडूंचं ते खेळणं. मी हळद-कुंकू घेऊन आले तर तो स्वयंपाकघरात गेला आणि ते अंड्यांचं पातेलं घासून, कोरडं करून घेऊन आला. रांगेत शेवटी ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"यानंच काम केलं," तो म्हणाला आणि त्यानं पातेल्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. मी त्याला कुंकू लावलं. समोर घट होता, वर नऊ माळा.

पातेलं अजून आहे. दर खंडेनवमीला पाटावर येतं. आताही घट बसतात, मी आता फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास करते, आणि मधल्या दिवसांत दिलीपची अंडी त्याच ओट्यावर उकडतात. मऊच खावं लागतं त्याला. बोलणं जड येतं. अनोळखी माणसाला दुसऱ्यांदा विचारावं लागतं, वाण्याला आणि मला लागत नाही. दवाखान्यात काट्यावर चढायच्या आधी तो अजूनही दोन्ही खिसे बाहेर ओढतो. नव्या नर्सना वाटतं, म्हातारा विसराळू आहे. पाचव्या माळेच्या तपासणीत काय निघेल, माहीत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला हिरवा झगा घालून ढकलखुर्चीत बसवलं. मागं नाड्यांच्या गाठी, खाली उघडे पाय. जे बोलायचं राहिलंय ते बोलून घ्या, असं प्रज्ञा म्हणाली होती, आणि मी आठवडाभर वाट बघत होते. मला वाटलं होतं, तो एकदा मला नावानं हाक मारेल. तंबाखूबद्दल काही म्हणेल. सासरी गेलेल्या आमच्या लेकीला फोन लावून दे म्हणेल. मीही काही ठरवून आले होते, देखभालीचा तो टोमणा मागं घ्यायचा होता. वॉर्डबॉयनं खुर्ची वळवली. आतलं दार उघडलं. थंड हवा आली.

तेवढ्यात त्यानं हातानं थांब म्हटलं, वळलेली मूठ. दोन्ही हातांनी स्वतःच्या कमरेच्या दोन्ही बाजू चाचपल्या, माझ्याकडं बघितलं, आणि स्वच्छ, खणखणीत, सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं म्हणाला,

"बघ बाई, या कपड्याला खिसेच नाहीत."

त्याचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. पण दार लागलं तेव्हा मी हसत होते, आणि ते त्यानं बघितलं होतं.